शनिवारची मंडळी

शनिवार म्हणजे आमच्या घरात तर्री-पोहे. आई शुक्रवारी ऑफिसातून परतताना मेट्रो स्टेशनच्या बाहेरून कोथिंबीर आणि लिंबं घेऊन यायची, झोपण्याआधी काळे चणे भिजत टाकायची, आणि सकाळी मी डोळे उघडायच्या आत घरभर तर्रीचा ठसका पसरलेला असायचा. घर म्हणजे नोएडातल्या जुन्या एलआयजी फ्लॅटच्या दोन खोल्या, त्यामुळे ठसक्याला पसरायला फार वेळ लागत नसे. वरच्या मजल्यावरच्या आंटी खिडकीतून खोकत खोकत ओरडायच्या, "मेश्राम जी के यहां आज फिर बम फूटा!" आई हसायची आणि त्यांच्यासाठी एक वाटी झाकून ठेवायची. आमच्या वाट्याला मात्र पातेल्याच्या बुडाचे पोहे यायचे, कारण मोठा डबा दुकानात जायचा. पोहे एका डब्यात, तर्री किटलीत, शेव कागदाच्या पुडीत, आणि कांदा-लिंबू वेगळं. हे सगळं घेऊन मी सेक्टरच्या मार्केटात जायची. बाबा तोवर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, काउंटरवरची धूळ पुसत असायचे. इतर दिवशी ते टी-शर्टवर दुकान उघडत. शनिवार वेगळा होता, कारण शनिवारी त्यांची मंडळी यायची.

दुकान केमिस्ट आणि टेलर यांच्या मधोमध, लांबट आणि अंधारं. पुढच्या काउंटरवर मोबाइलची कव्हरं, चार्जर, टेम्पर्ड ग्लास, रिचार्ज. मागे प्लायवुडचं पार्टिशन, आणि त्याच्या पलीकडे रेकॉर्ड. हजारांच्या घरात असतील. बाबांनी त्या दिल्लीभरच्या कबाड्यांकडून, मोडीत निघालेल्या कोठ्यांमधून, म्हणजे जुन्या बंगल्यांमधून, बदली होऊन जाणाऱ्या साहेबांच्या घरांतून गोळा केलेल्या. कुणाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायच्या, कुणाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर आणून द्यायची, हेही चालायचं. पण खरी मीठ-भाकर पुढच्या काउंटरवर होती आणि बाबांचा जीव पार्टिशनच्या मागे. माझे आजोबा नागपूरहून दिल्लीला आले ते केंद्र सरकारच्या एका ऑफिसात दफ्तरी म्हणून, फायली बांधायच्या-उचलायच्या कामावर. बाबा सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, सरकारी परीक्षा देत राहिले आणि एकीतही पास झाले नाहीत. आई मात्र पहिल्याच फटक्यात लागली. घरातल्या एकानं नोकरी करायची आणि दुसऱ्यानं शौक, असा सौदा लग्नातच ठरला होता असं बाबा सांगायचे. "मला कुणी विचारलंच नव्हतं," असं आई म्हणायची.

शनिवारच्या मंडळींचे म्होरके लेले साहेब. कुठल्याशा मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, उंच, गोरे, बोलायला अतिशय गोड. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझ्या मराठीची लाज वाटायची, कारण माझ्या वाक्यात चार शब्दांनंतर एक हिंदी शब्द यायचाच. रेकॉर्डला तबकडी म्हणतात हेसुद्धा मला त्यांच्याकडून कळलं. दुसरे चड्ढा अंकल, सेक्टरातच कोठी असलेले, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. बाकी दोघं-तिघं बदलत असायचे. प्लास्टिकच्या स्टुलांवर ही मंडळी गुडघ्याला गुडघे लावून बसायची. बाबा रेकॉर्ड दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून पुसायचे, सुई टेकवायचे, आणि मग तासन्‌तास मंडळींचे डोळे मिटलेले. मधल्या वेळात पोहे, आणि पोह्यांबरोबर जुन्या दिवसांच्या गोष्टी. कनॉट प्लेसला कशी दुकानं होती, काचेच्या खोलीत उभं राहून आधी ऐकायला कसं मिळायचं, दुकानदार गिऱ्हाइकाच्या नुसत्या चेहऱ्यावरून कशी रेकॉर्ड काढून द्यायचा. "गेलं ते सगळं, मेश्राम," लेले साहेब म्हणायचे. "आता तुमचं हे एक देऊळ उरलंय." बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही यायचं ते मी घरात कधी पाहिलेलं नाही. त्यांना तेवढं एक वाक्य आठवडाभर पुरायचं.

देवळातून कुणी काही विकत घेत नाही, ही त्यातली गंमत. मंडळी ऐकायची, कव्हरांचे फोटो काढायची, एकमेकांना पाठवायची आणि निघायची. पुढच्या काउंटरवरून जाताना टेम्पर्ड ग्लासकडे बघणं असं टाळायची, की जणू तिथे कुणाचे कपडे वाळत घातलेत. मी आज ज्या मीडिया ऑफिसात काम करते तिथली माझ्या वयाची मुलं रेकॉर्डच्या प्रेमात आहेत, कॉफी पिता पिता "वो छोटी-छोटी दुकानें, यार" असे सुस्कारे सोडतात, आणि मला चिडायला तेवढं पुरतं. इतका जीव होता तर एखादी घेऊन का नाही गेलात, असं मला अख्ख्या जगाला विचारावंसं वाटतं. बाबांना मी तेव्हाही विचारलं होतं. ते म्हणाले, "घेणारे पुष्कळ मिळतात गं. ऐकणारा माणूस पाहिजे." त्याच पार्टिशनच्या मागे, खालच्या फळीवर आमची भीमगीतं होती. आजोबांनी जमवलेल्या काही रेकॉर्ड आणि ढीगभर कॅसेटी. जयंतीच्या दिवसांत आमच्या ओळखीचे लोक त्या ऐकायला यायचे तेव्हा दुकान फुटपाथपर्यंत भरायचं. शनिवारी मात्र त्या फळीला कुणी हात लावत नसे, आणि बाबाही स्वतःहून काढत नसत. मंडळी गेल्यावर, शटर ओढायच्या आधी, एखादी लावायचे. तेव्हा ते डोळे मिटत नसत, पायानं ताल धरायचे.

आत्मकथन लिहायचं हे काही तुझं वय नाही, असं आई म्हणते. मी अजून तिशीतही नाही, हे खरं. पण माझं लहानपण कुठल्या दिवशी संपलं ते मला नेमकं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेल्या माणसानं फार थांबू नये असं मला वाटतं. शाळेत बाबांच्या कामाविषयी कुणी विचारलं तर मी "म्युझिक इंडस्ट्रीत आहेत" असं सांगायची. माझ्या मैत्रिणींचे वडील गुरुग्रामच्या काचेच्या टॉवरांमध्ये बसायचे आणि त्यांना कॅब न्यायला यायची. माझे वडील लोकांच्या फोनवर काच चिकटवून तिच्याखालचे बुडबुडे अंगठ्यानं दाबून काढायचे. तेव्हा मी अकरावीत होते आणि लाज ही माझी रोजचीच होती, शाळेच्या मोज्यांसारखी, सकाळी चढवायची आणि घरी आल्यावर काढून ठेवायची. खरी लाज कशाला म्हणतात हे अजून कळायचं होतं.

मग सगळं बंद झालं. त्या दिवसांचं वर्णन आता सगळ्यांचं सारखंच झालंय, थाळ्या, दिवे, धुतलेल्या भाज्या, म्हणून मी ते करत बसत नाही. आमच्या घरात काय झालं एवढंच सांगते. आईला काही दिवसांनी रोस्टरवर बोलवायला लागले. मेट्रो बंद, म्हणून स्टाफची बस यायची, आणि आई परत आली की दारातच कपडे बादलीत. बाबा घरात अडकले. त्यांनी पंखे पुसले, नळाचे वायसर बदलले, माझी सायकल उघडून परत जोडली, आणि मग करायला काही उरलं नाही तेव्हा रेकॉर्डना बुरशी लागेल या काळजीनं खोलीत फेऱ्या मारायला लागले. पुढे दुकानं उघडायला परवानगी मिळाली, पण सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार कडक बंद. सरकारला कुठून कळलं कोण जाणे, पण आमचा तेवढा एकच दिवस नेमका उचलला. आठवडाभर चार्जर आणि कव्हरं तेजीत विकली जात होती, कारण सगळ्यांची शाळा फोनवर आली होती. बाबांना त्याचं काही नव्हतं. शनिवारी ते सवयीनं अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि फोन हातात घेऊन बाल्कनीत बसायचे. आई निम्मेच पोहे करायची.

लेले साहेबांचे फोन सुरू झाले ते याच सुमारास. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, साहेबांचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

"मेश्राम, अहो, वेड लागायची पाळी आली. मुलगा बाहेर पडू देत नाही, सून सतत सॅनिटायझर घेऊन मागे. तासभर उघडा की. तासभर, बस."

"साहेब, बिल्कुल उघडलं असतं. पण शनिवारी पोलीस फिरतात हो मार्केटात."

"शटर खाली ठेवायचं. आम्ही मागच्या गल्लीतून येऊ. आणि केमिस्ट उघडाच असतो ना शेजारी? प्रत्येकानं खिशात एक जुनं प्रिस्क्रिप्शन ठेवायचं. कुणी विचारलं तर औषधाला आलोय. झालं." ते हसले. "इतकी वर्षं सरकारात काढली, मला एवढंही कळणार नाही?"

बाबा दोन शनिवार टाळत राहिले. तिसऱ्या वेळी साहेब हसले नाहीत. "कंटाळा आलाय हो जगायचा," म्हणाले, आणि बाबा विरघळले. दफ्तऱ्याचा मुलगा होता तो. साहेबानं काही मागावं आणि आपल्याला ते देता यावं, याच्याहून मोठा मान त्याला शिकवलेलाच नव्हता. हे मला आज कळतं, तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की ते खुश आहेत. त्या शनिवारी आईची ड्यूटी होती. ती बसमध्ये चढली तशी बाबांनी मला हळूच विचारलं, "प्रज्ञा, पोहे जमतील ना तुला? आईला काही बोलू नकोस. उगाच बीपी वाढवून घेईल." मी पहिल्यांदाच एकटीनं पोहे केले. गोळे झाले, आणि तर्रीत तिखट इतकं पडलं की मलाच ठसका लागला. पण डबा भरताना मला मजा वाटत होती. इतक्या दिवसांनी काहीतरी नेहमीसारखं होत होतं.

मागच्या गल्लीतून आत गेले तर मंडळी आधीच जमलेली. शटर जमिनीपासून वीतभर वर, तेवढाच उजेड. बाबांनी स्टुलं लांब लांब मांडली होती आणि प्रत्येकावर सॅनिटायझरची छोटी बाटली. मास्क हनुवटीवर आले, पोहे वाटले गेले. "किसने बनाया? लाजवाब!" चड्ढा अंकल डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, आणि सगळे हसले. बाबांनी पहिली रेकॉर्ड फार हळू लावली. थोडा वेळ तसंच चाललं. मग चड्ढा अंकल म्हणाले, "मेश्राम जी, इतने दिन बाद आए हैं, थोड़ा खोल के बजाओ यार. ये तो हम घर पे मोबाइल पे भी सुन लेते." बाबांनी शटरकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवून बोटानं खूण केली, वर, आणखी थोडा वर. बाबांनी आवाज वाढवला. खोटं कशाला सांगू, फार सुंदर वाटलं. मी पार्टिशनला टेकून उभी होते आणि पहिल्यांदाच मला कळलं की ही माणसं इथे का येतात.

शटरवर काठी बसली तेव्हा सुई उडाली. "अंदर कौन है? शटर उठा!" चड्ढा अंकल आणि बाकीचे दोघं मागच्या दारानं कधी गेले ते कळलंही नाही. लेले साहेबांना गुडघ्यामुळे पटकन उठता येईना. मी डबा बंद करत होते, म्हणून राहिले. बाबांनी शटर वर केलं आणि उन्हात दोन शिपाई आणि एक दरोगा, म्हणजे इकडचा फौजदार, उभे दिसले.

"मालिक कौन?"

"मैं हूं, सर."

"पढ़ना आता है? बंद मतलब क्या?" मग त्यांची नजर साहेबांवर गेली. साहेब तोवर उभे राहिले होते, मास्क नाकावर, हातात प्रिस्क्रिप्शन.

"मैं रिटायर्ड गवर्नमेंट ऑफिसर हूं," ते शांतपणे म्हणाले. "बगल में दवा लेने आया था. धूप बहुत थी, इन्होंने अंदर बिठा लिया."

यात एकही शब्द उद्धट नव्हता. दरोग्यानं कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "और ये लड़की?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "साहब के साथ है. पोती है इनकी." इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं. लेले साहेबांनी बाबांकडे पाहिलं. किंचित थांबले. मग "हां, मेरे साथ है," म्हणाले, आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले.

केमिस्टच्या दुकानासमोर चुन्यानं गोल आखलेले होते, माणसांनी लांब लांब उभं राहावं म्हणून. साहेब एका गोलात उभे राहिले, मी त्यांच्या मागच्या गोलात. समोर बाबांना फुटपाथवर आणलं होतं. दरोगा म्हणाला, "गाना सुनने का बड़ा शौक है? चल, कान पकड़. उठक-बैठक. और गिनती ज़ोर से, सबको सुनाई दे." बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, हात उलटसुलट करून कान धरले आणि खाली बसले. उठले. पुन्हा बसले. गिनती मास्कमधून येत होती म्हणून शिपायानं मास्क खाली ओढायला लावला, त्या दिवसांत, जेव्हा मास्क खाली करण्याचाच दंड व्हायचा. वरच्या फ्लॅटांच्या बाल्कन्यांत लोक आले होते. कुणीतरी टाळी वाजवली. काही उठाबशांनंतर बाबांचा गुडघा कडकन वाजला, आणि ते हात टेकून उठायला गेले तर शिपाई म्हणाला, "हाथ कान पे." ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. कुठेच बघत नव्हते. "तिकडे पाहू नकोस, बाळ," लेले साहेब मान न वळवता म्हणाले, आणि त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी खरोखरच बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली.

त्यानंतर मी पाहिलं नाही. चुन्याच्या गोलाकडे पाहत उभी राहिले आणि बाबांचा आवाज ऐकत राहिले. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते आता लिहिते. त्या गोलात उभी असताना मला रडू आलं नाही, राग आला नाही, धावत जावंसंही वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं. केमिस्टचा नवा नोकर मला ओळखत नव्हता, बाल्कनीतल्या लोकांना मी त्या फुटपाथवरच्या माणसाची कोण हे ठाऊक नव्हतं, आणि मी एका उंच, गोऱ्या, रिटायर्ड ऑफिसरची नात होते. ते मला आवडलं. फार थोडा वेळ, पण आवडलं. बाबांनी मला वाचवायला ते सांगितलं होतं आणि मी ते मनापासून घालून पाहिलं, अंगाला बरोबर बसतंय का असं. याहून जास्त लाजेचं माझ्याकडे काही नाही.

साहेबांनी मला कॉलनीच्या गेटपर्यंत सोडलं. गेटपाशी म्हणाले, "सरळ घरी जा. बाबांना सांग, मी फोन करीन." तो फोन आला नाही, ना त्या दिवशी, ना त्यानंतर. बाबा दुपारी आले, रिकामा डबा आणि किटली घेऊन, दोन्ही धुतलेली. पाय फाकवून चालत होते. "मोठी माणसं लवकर सुटली ना, बरं झालं," एवढंच म्हणाले. आई आली तेव्हा त्यांनी सांगितलं की बुरशी बघायला गेलो होतो, शटर जॅम झालं, जोर लावला तर मांड्या भरल्या. आईनं तेल कोमट केलं आणि त्यांच्या पायांना चोळत बसली. "आता वय राहिलं का शटरशी कुस्ती करायचं?" ती म्हणाली. बाबा हसले. मी पुस्तक उघडून बसले होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि आमच्यात जे ठरायचं ते न बोलता ठरलं.

त्यानंतर दुकान उघडलं, पण बाबांनी पार्टिशनच्या मागचा दिवा क्वचितच लावला. शनिवार मोकळे झाल्यावरही मंडळी परत आली नाहीत. चड्ढा अंकल रस्त्यात भेटले तर दुरूनच हात हलवायचे. भाडं वाढलं, गुडघा कुरकुरायला लागला, आणि एक दिवस बाबांनी रेकॉर्ड काढून टाकल्या. गुरुग्रामच्या एका कॅफेनं एकगठ्ठा नेल्या, भिंतीवर लावायला. ऐकायला नाही, लावायला, खिळे ठोकून. मी एकदा ऑफिसच्या पार्टीला त्या कॅफेत गेले आणि पाणी पिऊन परत आले. आजोबांची फळी मात्र बाबांनी दिली नाही. ती घरी पलंगाखाली आहे.

आणि मग गेल्या वर्षी, एका रविवारी सकाळी, चहाच्या वेळी बाबांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. लेले साहेबांनी फेसबुकवर एक लांबलचक लेख टाकला होता, दिल्लीतल्या हरवलेल्या रेकॉर्ड-दुकानांविषयी. लेख छानच होता. तो माणूस लिहायचाच छान. कनॉट प्लेसच्या काचेच्या खोल्या होत्या, आणि शेवटी नोएडातलं एक अंधारं, लांबट दुकान होतं. त्याचा 'निगर्वी, सुरांवर जीव टाकणारा मालक' होता. तर्री-पोहे होते, किटली होती, डबा घेऊन येणारी 'एक चुणचुणीत पोर' होती. "कोविडनं असली किती देवळं गिळली, कुणी मोजली?" असा शेवट. खाली शेकडो लोकांनी आपापली दुकानं आठवून डोळे पुसले होते.

"माझे पोहे आले की त्यात!" आई म्हणाली.

"अगं, सगळंच आलंय," बाबा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "साहेब विसरले नाहीत. मला वाटलं होतं विसरले. प्रज्ञा, इकडे ये. मला मराठी टाइप करायला जमत नाही पटपट. मी सांगतो, तू लिही."

मी त्यांचा फोन घेतला. ते ताठ बसले आणि एकेक वाक्य तोलून सांगायला लागले. आदरणीय साहेब, आपला लेख वाचला. आपण माझ्या छोट्याशा दुकानाला फार मोठं केलंत. आपल्यासारखे ऐकणारे लाभले हे माझं भाग्य. मी लिहीत गेले. मग ते म्हणाले, "पुढं लिही. त्या लॉकडाऊनच्या शनिवारी पोलीस आले तेव्हा आपण माझ्या मुलीला स्वतःची नात म्हणून बाहेर नेलंत, तिला काही बघू दिलं नाहीत. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"कुठल्या शनिवारी?" आई म्हणाली.

"असंच गं, तेव्हाचं," बाबा म्हणाले. "पाठव, प्रज्ञा."

माझ्या अंगठ्यानं ते पाठवलं. बाबा अंघोळीला गेल्यावर आईनं गॅस बंद केला, माझ्यासमोर येऊन बसली, आणि मी तिला सगळं सांगितलं, गोलापर्यंत, आणि गोलात काय वाटलं तेही. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही. फक्त "मी तेल चोळत होते," एवढंच दोनदा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बाबांनी फोन कितीदा तरी उघडून पाहिला. बाकीच्या सगळ्या कॉमेंटांना साहेबांनी उत्तरं दिली होती, हात जोडले होते, लाल बदाम दिले होते. बाबांची कॉमेंट मात्र तिथे नव्हतीच. मी माझ्या फोनवर पाहिलं, तिथेही नव्हती. साहेबांनी ती काढून टाकली होती. उपकाराच्या ओळीनं त्या शनिवारचं सगळं उघडं पडतं हे त्यांना कळलं होतं, बहुधा आमच्या तिघांच्याही आधी.

"गेलीच नाही वाटतं," बाबा म्हणाले. "नेटवर्कचं काही खरं नाही हल्ली. परत टाक ना, बेटा. त्यांना वाटेल मेश्रामनं वाचलंही नाही."

मी त्यांना खरं सांगू शकले असते. फोन हातात घेऊन मी तेवढा वेळ थांबलेही. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते, खुर्चीच्या पाठीवर भार देऊन, कारण गुडघा अजून दुखतो. मी तीच कॉमेंट पुन्हा लिहिली, आदरणीय साहेबांपासून भाग्यापर्यंत, आणि पोलिसांची, नातीची, उपकाराची ओळ गाळली. चष्मा नव्हता म्हणून त्यांना दिसलं नाही. पाठवली आणि लगेच, जणू तिकडे कुणी वाटच पाहत बसलं होतं, तिच्यावर लाल बदाम आला. खाली साहेबांचं उत्तर: 'मेश्राम, तुमच्यासारखी माणसं आता होणे नाही.'

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लंगडत स्वयंपाकघरात गेले. "बघ, बघ, आली! मी म्हटलं नव्हतं? नेटवर्कच होतं."

आई कणीक मळत होती. तिनं तसेच पिठाचे हात लांब धरून स्क्रीन वाचली, पूर्ण वाचली, आणि बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "नेटवर्कच असणार."